झाडं मोजणाऱ्या धोरणाला माळ कधी दिसणार?

प्रश्न अंबाजोगाईच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याचा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "देशात २००२ पासून जैवविविधता कायदा आहे, नवा राष्ट्रीय कृती आराखडाही आलाय. तरी आमच्या भागात त्यातलं काही जमिनीवर दिसत नाही. धोरणात नेमकं काय बदलायला हवं? मी स्वतः काय करू शकतो? की मराठवाड्यात मुळात जंगलच नाही, म्हणून हा विषय आपला नाहीच?"

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातंय. जंगल नाही म्हणजे काहीच नाही, असं मानणारे तुम्ही एकटे नाही. तलाठ्याच्या दप्तरापासून दिल्लीच्या मंत्रालयापर्यंत सगळे तेच मानून चालतात. चोवीस वर्षं मी बीड, धाराशिव आणि लातूरच्या माळांवर आणि गावांच्या जैवविविधता नोंदवह्यांवर काम करतेय. त्यावरून सांगते, पहिली दुरुस्ती या समजुतीत करायची आहे. बाकीच्या त्यामागून येतात.

पाटोदा, आष्टी, भूम, वाशी या पट्ट्यात बालाघाटाचं पठार आहे. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. अशा जमिनीवर दाट झाडी वाढत नाही, वाढते ती ओढ्याकाठी नाहीतर घळीत. वर पठारावर राज्य गवताचं: पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी. मधूनच हिवर, बोर, तरवड. या गवतात लांडगा आहे, खोकड आहे, तरस आहे, काळवीट आहे. चंडोल, धाविक आणि माळटिटवी इथं उघड्या जमिनीवर अंडी घालतात. हिवाळ्यात भोवत्या पक्षी मध्य आशियातून येऊन रात्री याच गवतात उतरतात. हे सगळं उन्हाची, मोकळ्या जागेची सवय असलेलं जग आहे. तिथं सावली केली की हे जीव उठून जातात.

कागदावर मात्र हा माळ "पडीक" आहे. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक, ही महसुलाची जुनी व्याख्या. राजवटी बदलल्या, शब्द राहिला. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पडीक जमिनींच्या ॲटलासमध्ये देशातली सुमारे ५.५७ कोटी हेक्टर जमीन, म्हणजे एकूण क्षेत्राच्या जवळपास १७ टक्के, या खात्यात आहे. झुडपांची जमीन त्यात, खराब झालेली चराऊ कुरणंही त्यातच. दुसरीकडे १९८८ चं राष्ट्रीय वनधोरण सांगतं की देशाच्या एक तृतीयांश भूभागावर वन किंवा वृक्षाच्छादन हवं. आता लातूरसारख्या जिल्ह्यात, जिथं वनक्षेत्र एक टक्कासुद्धा नाही, एखाद्या अधिकाऱ्याला तो आकडा गाठायचा आहे असं समजा. त्याला मोकळी जमीन कुठं दिसणार? माळावरच. तो अधिकारी वाईट माणूस नसतो. त्याच्या तक्त्यात "गवत" नावाचा रकानाच नसतो, एवढंच.

याचं काय होतं ते एकदा जवळून पाहिलेलं सांगते. राज्यात २०१९ साली तेहेतीस कोटी झाडांची मोहीम होती. त्या वर्षी पाटोदा आणि भूमच्या सीमेवरच्या एका माळावर एका यंत्रणेनं काम काढलं. मे महिन्यात जेसीबी चढला. उतारावर आडवे समतल चर मारले, मधल्या पट्ट्यात दीड-दीड फुटाचे खड्डे. खड्डा खणताना मुरूम वर येतो आणि वरची वीतभर माती, जिच्यात गवताची मुळं आणि बी असतं, ती मुरमाखाली गाडली जाते. जुलैत गिरिपुष्प आणि काही काशिद लावले. फलक लागला, फोटो निघाले. तिसऱ्या उन्हाळ्यात मी पुन्हा गेले तेव्हा खड्ड्यांत वाळलेल्या काड्या होत्या आणि उकरलेल्या मुरमावर गाजरगवत कमरेएवढं. दरवर्षी तिथं मेंढरं घेऊन येणारे एक म्हातारे भेटले. म्हणाले, "बाई, झाडं बी न्हाई आली अन् गवत बी गेलं. आता हितं मेंढरू तोंड खाली घालीना." त्यांनी मला एक घळ दाखवली. लांडगीण तिथं पिल्लं घालायची. चर बरोबर घळीच्या तोंडावरून गेला होता.

मी झाडांच्या विरोधात नाही, हे सांगून ठेवते, कारण दर वेळी कुणीतरी तसं म्हणतंच. बांधावर लावा, ओढ्याकाठी करंज-उंबर लावा, गावठाणात लिंब लावा, रस्त्याच्या कडेला वड लावा. माळ तेवढा सोडा.

तर धोरणात काय हवं? एक, "पडीक" या खात्यातून नैसर्गिक गवताळ प्रदेश बाहेर काढून त्याला स्वतःचं नाव द्या: माळरान, एक परिसंस्था. नुसतं नाव देऊन भागणार नाही, त्याची नोंद अधिकार अभिलेखात, म्हणजे सातबाऱ्यात, यायला हवी. आपल्याकडे १९५४ च्या खासरा पाहणीत आलेली नोंद आजही कोर्टात दाखवतात. नोंदीची ताकद मराठवाड्याला वेगळी सांगायला नको. दोन, कुठल्याही सरकारी पैशातून झाडं लावायच्या आधी जागेवर जाऊन तपासणी व्हावी की ही जमीन मुळात उजाड झालेलं जंगल आहे की मूळचा माळ. दोन्हींत फरक करता येतो. जुन्या झाडांचे खुंट आहेत का, बारमाही गवताचे ठोंब आहेत का, हे पावसाळ्यात अर्ध्या दिवसात कळतं. पण अट अशी की तपासणी पावसाळ्यात व्हायला हवी. मे महिन्यात सगळेच माळ उजाड दिसतात, आणि आपल्याकडे लागवडीची पाहणी नेमकी मे महिन्यात होते.

हे नवं काही नाही. योजना आयोगाच्या गवताळ प्रदेश आणि वाळवंटांवरच्या कृतिगटानं २००६ मध्येच राष्ट्रीय चराई धोरणाची गरज सांगितली होती. त्यानंतर वारं मात्र उलटं वाहिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रानं ग्रीन क्रेडिट योजना आणली, म्हणजे कंपनीनं झाडं लावली की तिच्या नावावर क्रेडिट जमा. तिच्या फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीत झुडपी जमीन आणि पडीक जमीन लागवडीला पात्र धरली आणि हेक्टरी किमान ११०० झाडांची घनता सांगितली. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीत नुसत्या लावण्याऐवजी पाच वर्षांनी जगलेल्या झाडांवर भर आला, ही सुधारणाच. पण सोबत ४० टक्के छत्र हवं अशी अट आली. बालाघाटाच्या मुरमावर ४० टक्के सावली आणायची तर टँकर लावावा लागेल, आणि ज्या गावात माणसांना टँकर लागतो तिथं तो कुठून आणायचा? कंपनीला क्रेडिट हवंच असेल तर गवत राखण्याचं द्या. किती हेक्टर माळावर बारमाही गवत परत आलं, किती जागी चंडोलाची घरटी दिसली, हे मोजता येतं. गवत आपला कर्ब मुळाशी साठवतं, तो दिसत नाही म्हणून कुणी धरत नाही.

आता जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे येते. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझं अर्धं आयुष्य यात गेलंय.

कायद्याच्या ४१ व्या कलमानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेनं, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीनंसुद्धा, अशी समिती नेमायची आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची. कल्पना मोठी सुंदर. पण २०१६ पर्यंत देशभर काम रेंगाळलं होतं. मग प्रकरण हरित न्यायाधिकरणात गेलं आणि न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. ती चुकली तर राज्याला महिन्याला दहा लाखांचा दंड. झालं! जे काम चार ऋतूंचं होतं ते चार महिन्यांत उरकायची शर्यत लागली. आज देशात पावणेतीन लाखांच्या आसपास समित्या आहेत, एकट्या महाराष्ट्रात अठ्ठावीस हजारांहून जास्त. आकडा पूर्ण, पोट रिकामं.

केज तालुक्यातल्या एका गावात मी त्यांची वही पाहायला मागितली. ग्रामसेवकानं कपाटाच्या वरच्या खणातून स्पायरल बाइंडिंगची प्रत काढली, वरची धूळ झटकली. कुठल्याशा संस्थेनं कंत्राटावर करून दिलेली. उघडली तर फळझाडांत कोकम, काजू, फणस. माशांच्या पानावर बोंबील! एका कोकणातल्या गावाची वही उचलून मुखपृष्ठ बदललं होतं. शेजारी बसलेल्या एका आजीबाईंना मी वाचून दाखवलं, तर त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "आगं, बोंबील आमी बाजारात बगितला, नदीत न्हाई." त्याच आजींनी मग पुढच्या दोन तासांत मला रानभाज्यांची अठरा नावं सांगितली: कुर्डू, तांदुळजा, घोळ, पाथरी, चिघळ... कोणती कुठल्या नक्षत्रात उगवते, कोणती बाळंतिणीला द्यायची नाही, कोणती सोयाबीनच्या तणनाशकानं आता मिळेनाशी झालीय. तो शेवटचा तपशील कुठल्याही छापील तक्त्यात मावत नाही, आणि धोरणाला खरा कामाचा तोच आहे.

चांगली नोंदवही करायला वर्ष लागतं, पाऊस-हिवाळा-उन्हाळा सगळा फिरून. माळाची माहिती शेतकऱ्यापेक्षा मेंढपाळाला आणि गुराख्याला जास्त असते. कुसळीला कुसळं धरायच्या आत चारायची, नाहीतर ती लोकरीत घुसून मेंढीचं कातडं फोडतात. मारवेलाला गाय आधी तोंड लावते. कुठला माळ सलग दोन वर्षं चरला की तिसऱ्या वर्षी सोडावा लागतो, हे त्यांना विचारा. पण समितीत बसतात सरपंचांचे निकटवर्तीय, आणि मेंढपाळ आठ महिने गावाबाहेर. म्हणून चारणाऱ्या माणसाची जागा समितीत सक्तीची हवी, मग तो दुसऱ्या गावचा असला आणि दरवर्षी येऊन जाणारा असला तरी. कायद्याला गाव कळतं, वाट कळत नाही. धनगरांची आणि बंजाऱ्यांची जैवविविधता वाटेवर पसरलेली आहे.

दुसरी अडचण अधिकाराची. आजच्या कायद्यात राष्ट्रीय प्राधिकरणानं आणि राज्य मंडळानं जैविक संसाधनांच्या वापराचा निर्णय घेताना समितीचा सल्ला घ्यायचा असतो. म्हणजे कुणी कंपनी औषधी वनस्पती न्यायला आली तर समितीला विचारणार. पण ती वनस्पती जिथं उगवते तो माळच कुणी उकरायला आलं तर? तिथं समितीचा संबंध नाही. ही उलटी गंगा सरळ करायची तर गायरानाचा किंवा माळाचा वापर बदलण्याच्या प्रत्येक प्रस्तावावर समितीचं लेखी, कारणांसह मत बंधनकारक करा. ते मत डावलायचं असेल तर डावलणाऱ्यानंही कारण लिहावं.

तिसरी अडचण पैशाची. समितीनं व्यापारी गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घ्यावं, लाभातला वाटा मिळवावा, अशी सोय कायद्यात आहे. मराठवाड्यातल्या किती समित्यांच्या खात्यात कधी रुपया आला हे विचारू नका. त्यात २०२३ च्या दुरुस्तीनं, जी १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली, नोंदणीकृत आयुष वैद्यांना आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला सवलती दिल्या. त्याच दुरुस्तीनं तुरुंगवास काढून एक लाख ते पन्नास लाखांचा दंड ठेवला, यावर शहरात बरीच ओरड झाली. मला त्याचं फारसं दुःख नाही. आमच्याकडे या कायद्याखाली कुणी तुरुंगात गेलेला मी पाहिला नाही. सवलतींचं दुःख जास्त आहे, कारण समितीचं उत्पन्न आधीच नावापुरतं. केंद्रानं वित्त आयोगाच्या निधीतून या समित्यांना दरवर्षी ठरावीक, छोटी का होईना, रक्कम थेट द्यावी. गावाला माळावर एक राखणदार परवडला तरी खूप.

आणि जैवविविधता म्हणजे फक्त रानटी जीव नव्हे, हे आपल्या भागात तर विसरूच नये. देवणी गाय, लाल कंधारी, उस्मानाबादी शेळी या जाती याच गवतावर घडल्या. माळ गेला की लाल कंधारी गोठ्यात बांधून सरकी पेंडीवर पोसावी लागते, आणि मग शेतकरी म्हणतो, पेंडच घालायची तर जर्सी काय वाईट? पशुसंवर्धन खातं जात वाचवायची योजना आखतं आणि दुसरं खातं तिचं कुरण उकरतं, दोघांची गाठ कुठल्याच बैठकीत पडत नाही.

संरक्षित क्षेत्रं वाढवा, असं तुम्हाला पुष्कळ जण सुचवतील. २०२२ च्या जागतिक करारानुसार २०३० पर्यंत तीस टक्के जमीन-पाणी राखायचं आहे, भारताच्या २०२४ मध्ये जाहीर झालेल्या आराखड्यातही ते आलंय. पण आपल्या शेजारचं उदाहरण डोळ्यांपुढं ठेवा. सोलापूर-नगर भागात १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झालं, तब्बल ८४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात लोकांची शेतं आली, गावं आली, रस्ते आले. विहीर पाडायची तरी अडचण, जमीन विकायची तरी अडचण. लोक माळढोकाला शिव्या द्यायला लागले. शेवटी ते घटवून १२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोवर बराच माळ नांगराखाली गेला होता, कारण पक्षी दिसला तर जमीन जाईल ही भीती पसरली होती. आता नान्नजला माळढोक दिसला तर ती बातमी होते.

उलट बाजूनं पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाटात वाघ कॅमेऱ्यात आला, थेट यवतमाळच्या टिपेश्वरचा. येडशीचं अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं. वाघ टिकला तो अभयारण्यामुळं नाही, आजूबाजूच्या माळ, ओढे, उसाच्या फडांमुळं. म्हणजे राखायला हवी ती मधली जमीन. तिच्यासाठी कायद्यात नीट बसणारी चौकटच नाही. वन्यजीव कायद्यातलं समुदाय राखीव क्षेत्र खासगी किंवा सामुदायिक जमिनीवर होतं. संवर्धन राखीव सरकारी जमिनीवर, तेही मुख्यतः अभयारण्यांना लागून. आपलं गायरान मालकीनं सरकारचं, वहिवाटीनं गावाचं. ते दोन्हींच्या मध्ये लटकतं. गावानं ठराव करून गायरान राखायचं ठरवलं तर चराई चालू ठेवून त्याला संरक्षण देणारा सोपा प्रकार कायद्यात घाला. "चराई बंद" म्हटलं की गाव दुरावलं म्हणून समजा. शिवाय अजिबात न चरलेल्या माळावर काही वर्षांत झुडपं माजतात.

लांडग्याबद्दल एक वाक्य. २०२२ च्या अंदाजात देशात ३६८२ वाघ होते. लांडगे सुमारे तीन हजार मानले जातात. वाघाला १९७३ पासून प्रकल्प आहे, लांडग्याला मेंढपाळाचा संयम. त्याची मेंढी गेली तर भरपाईची तरतूद आहे, पण पंचनामा, पशुवैद्यकाचा दाखला, बँक खातं, सगळं मुदतीत आणि तेही परक्या तालुक्यात, कळप पुढं चाललेला असताना. बहुतेक जण नाद सोडतात. मोबाइलवर फोटो आणि ठिकाण पाठवलं की पंचनामा धरला जाईल, एवढा साधा बदल केला तरी खूप विष कमी पडेल. विष म्हणतेय ते अलंकारानं नाही, मेलेल्या मेंढीत कीटकनाशक घालून ठेवतात.

ऊर्जेबद्दल थोडक्यात. सौर आणि पवन प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण परवानगी लागत नाही. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेला सरकारी जमीन हवी, आणि गावातली सरकारी जमीन म्हणजे पुष्कळदा गायरान. दिवसा वीज मिळते हे खरं, माझ्या भावाच्या शेतालाही हवी आहे. पण छतं, कालव्यांच्या कडा, खाणींच्या पडलेल्या जागा आधी आणि माळ शेवटी, असा क्रम राष्ट्रीय पातळीवर ठरायला हवा. जायकवाडीवर तरंगत्या सौर प्रकल्पाचा वाद मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन संपला. तिथल्या मच्छीमारांची याचिका फेटाळली गेली. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. जागा ठरवतानाच मच्छीमारांना विचारलं असतं, तर न्यायालयात जायची वेळ कदाचित आली नसती.

आता नाजूक गोष्ट, जी पुण्या-मुंबईचे निसर्गप्रेमी हमखास विसरतात. मराठवाड्यात गायरान म्हणजे भूमिहीन दलित आणि भटक्या कुटुंबांचा एकमेव जमिनीचा तुकडा. मानवी हक्क अभियानाच्या एकनाथ आवाडांसारख्यांनी त्यासाठी आयुष्य झिजवलं. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी वहिवाट नियमित करण्याचा १९९१ चा शासन निर्णय आहे, आणि तरी किती जणांचे सातबारे अजून झालेले नाहीत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली तेव्हा पहिली गदा आली ती अशाच घरांवर. धनदांडग्यांची मंगल कार्यालयं आणि क्रशर जिथल्या तिथं. म्हणून माझं ठाम मत आहे: आधी या कुटुंबांचे हक्क कागदावर आणा, मग उरलेल्या माळाची हद्द आखा. हा क्रम उलटा केला तर लोक लांडग्याला नव्हे, आपल्याला हाकलतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

तुम्ही स्वतः काय कराल, हेही विचारलंय. २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी चराऊ प्रदेश आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय, सरकारी कार्यालयात त्याचा दाखला देता येतो. या पावसाळ्यात तुमच्या ग्रामपंचायतीत जा आणि जैवविविधता नोंदवही मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. वही हातात आली की आधी गवताचं पान उघडा. ते कोरं असेल किंवा त्यावर कोकणातली नावं असतील तर गावातल्या सगळ्यात जुन्या गुराख्याला गाठा, त्याच्यामागं दोन दिवस माळ हिंडा आणि नावं लिहून काढा, त्याच्या शब्दांत. मग ती यादी ग्रामसभेपुढं ठेवून दुरुस्तीचा ठराव करून घ्या, ठरावाची सही-शिक्क्याची प्रत घ्या आणि एक नागपूरला राज्य जैवविविधता मंडळाला टपालानं पाठवा. पोचपावती जपून ठेवा. गावात चारणारे असतील तेव्हाच जा, म्हणजे पोळ्याच्या आत. नंतर कळप निघून जातात.